मेणावरचे न्हाय

निपाणी, सोमवार, ७ नोव्हेंबर १९३८

आजपासून मी नोकरदार! सकाळी सातच्या सर्व्हिस मोटारीने बेळगाव सोडले आणि साडेदहाला निपाणीत उतरले. आई आणि धाकटी बहीण बेबी मला पोचवायला आमच्या कंग्राळी गावाहून खडेबाजारपर्यंत चालत आल्या होत्या. आईने ड्रायव्हरला बजावले, "माझी ल्येक बी.ए. झालीया, खड्ड्यातनं हळू न्हे." तो म्हणाला, "मावशी, खड्ड्यास्नी बी.ए. कळत न्हाय." सगळी मोटार हसली. आई मात्र हसली नाही. मोटार वळेपर्यंत कपाळावर आडवा हात धरून बघत उभी होती.

निपाणीत उतरल्या उतरल्या आधी नाकाला तंबाखू लागते. मला सात शिंका आल्या. टांगेवाल्याने सांगितले की आठवडाभराने वास येईनासा होतो, आणि मग दुसऱ्या गावाची हवा बेचव लागते.

मार्तंडरावांचा बंगला अकोळच्या वाटेवर आहे. नवा, मंगळुरी कौलांचा, भरपूर खिडक्यांचा. ते बेळगावात वकील होते. आता वकिली सोडून ग्रामोफोन जमवतात. अतिशय सौम्य माणूस. मला "या मालतीबाई" म्हणाले आणि मी मागे वळून पाहिले, की कोण आले! घरी मी मालू. मालती हे नाव शाळेतल्या मास्तरांनी पटावर लिहिले म्हणून आहे.

काम असे: त्यांच्याकडे त्रेचाळीस यंत्रे आहेत, सगळी परदेशी कारखान्यांनी खास वसाहतींच्या बाजारासाठी बनवलेली. त्यांची मराठी आणि इंग्रजी सूची करायची. ती छापली जाणार, आणि पहिल्या पानावर असेल: संपादिका, कु. मालती भावकू हुंदरे, बी.ए. वडिलांचे नाव छापून येईल. ते जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांना वाचता येत नव्हते.

गुरुवार, १० नोव्हेंबर

चार दिवसांत अकरा यंत्रे झाली. मला वाटले होते ग्रामोफोन म्हणजे पेटी, चावी आणि कर्णा. पण वसाहतीच्या यंत्रांचे सगळेच निराळे. विलायतेतल्या यंत्रांची लाकडे सरसाने चिकटवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात सरस विरघळतो, म्हणून इकडे पाठवायच्या पेट्या सागवानी, पितळी स्क्रूंनी आवळलेल्या. वाळवी लागू नये म्हणून पायांखाली पितळी वाट्या. एका कर्ण्यावर हत्ती काढला आहे. त्याला चार पाय आहेत आणि शेपट्या दोन. मार्तंडराव म्हणाले, परदेशातल्या चित्रकाराने हत्ती पाहिला नसेल, पण आपल्याला हत्ती आवडतो एवढे त्याला कुणीतरी सांगितले असेल.

रेडिओ आल्यापासून तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरांतून ही यंत्रे बाहेर निघत आहेत. मार्तंडराव प्रत्येक यंत्र घेताना त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी तासभर बोलतात. कोण ऐकायचे, कुठे बसायचे, सगळे वहीत टिपतात. मी मनात म्हटले, असे शिकलेले लोक चार असले तरी देश वर येईल.

बुधवार, १६ नोव्हेंबर

स्वयंपाकाला जयाबाई आहे. पन्नाशीची, निपाणीचीच. स्वयंपाक उत्तम, पण बोलणे फार विचित्र. आज आमटी अळणी झाली होती, म्हणून मी मीठ मागितले. तिने बरणी आणली आणि म्हणाली, "घ्या, हे पांढरं." काल चूल पेटत नव्हती तर म्हणाली, "ते जाळायचं धुमसूलालंय." मी हसून म्हटले, "जयाबाई, चूल म्हणायला काय झालं?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

तिला एक मुलगी आहे, याच गावात दिलेली, असे दूधवाल्याकडून कळले. मुलगी येत नाही. दूधवाला म्हणाला, "आईनं नाव घ्यायचं सोडलं, मग पोरगी कशाला यील?" घरोघरी काहीतरी असतेच. मला वाटते जयाबाईला साक्षर केले पाहिजे. उद्यापासून पाटीवर शिकवीन.

बुधवार, २३ नोव्हेंबर

आज एक्केचाळीस नंबर.

हे यंत्र नुसते ऐकवत नाही, आवाज घेतेही. कर्णा तोच, त्यात बोलायचे, आणि खाली फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर सुई रेघ कोरत जाते. मग सुई बदलून तीच तबकडी लावली की आपलाच आवाज! जमिनीची मोजणी आणि चौकशा करत फिरणाऱ्या साहेबांसाठी हे बनवले होते म्हणे, खेड्यातल्या लोकांच्या जबान्या जशाच्या तशा मिळाव्यात म्हणून. पितळी पट्टीवर 'वसाहती मॉडेल' असे कोरले आहे. सोबत एक इंग्रजी पुस्तिका आहे, तिचे भाषांतर मी केले. एका वाक्याचा अर्थ मी लिहिला, 'नेटिवांचे शब्द कायमचे टिपण्याची सोय.' मार्तंडरावांनी 'टिपण्याची' खोडून 'घेण्याची' लिहिले. म्हणाले, मूळ शब्द तोच आहे, भाषांतर प्रामाणिक असावे. मला लाज वाटली. खरेच, मूळ शब्द तोच होता.

पुस्तिकेत असेही लिहिले आहे की मेण मऊ असल्याने तबकडी फार वेळा ऐकू नये, झिजते.

कपाटात अशा साठ-सत्तर तबकड्या आहेत. प्रत्येकीवर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एकच शब्द. मार्तंडराव सीमेवरची बोली गोळा करत आहेत. एकीकडून कानडी, एकीकडून पुण्याची मराठी, वरून इंग्रजी. पन्नास वर्षांत ही बोली संपेल, आणि तेव्हा आपल्या तबकड्या बोलतील, असे ते म्हणाले. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला हे काम सूचीपेक्षाही मोठे वाटते.

रविवार, २७ नोव्हेंबर

आज मी माझा शब्द दिला.

मार्तंडराव म्हणाले, तुमच्या घरचा एखादा अस्सल शब्द द्या. मी क्षणभरही थांबले नाही. न्हाय! कोल्हापूरला कॉलेजात पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी विचारले, पुस्तक आणले का, आणि मी उठून म्हणाले, "न्हाय." सगळा वर्ग हसला. पुढची दोन वर्षे मुली माझ्यामागे "न्हाय न्हाय" करत होत्या. मी रात्री उशीत तोंड खुपसून "नाही, नाही" असे घोकून जिभेला वळण लावले. तो शब्द कुणाच्या उपयोगी पडत असेल तर खुशाल घ्या.

कर्ण्यात दहा वेळा म्हटले. मग त्यांनी ऐकवले. किती गावंढळ आवाज माझा! मी तोंडावर पदर धरून हसले.

बुधवार, ३० नोव्हेंबर

एक गंमत. दूधवाल्याने विचारले, जास्तीचे दूध हवे काय. त्याच्याशी मी आपल्या बोलीत बोलते, पण आज तो शब्द आलाच नाही. तोंड उघडले, जीभ टाळूला लागली, आणि नुसती हवा. मग मी "नाही" म्हटले. शिक्षणाने जुनी सवय अखेर मुळासकट गेली म्हणायची! बरे झाले.

संध्याकाळी मार्तंडरावांना आईची गोष्ट सांगितली. मी बारा वर्षांची असताना मला मागणी आली होती. परशराम आप्पा, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, चार माणसे घेऊन आले. आई विधवा, अंगठेबहाद्दर, घरात पुरुषमाणूस नाही. ती माजघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि एकच शब्द बोलली: न्हाय. त्यांनी समजावले, दटावले, वडिलांचे नाव काढले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माणसे बसून होती, आणि दर वेळी तेच: न्हाय. कारण नाही, रडणे नाही. शेवटी ती माणसे नुसते पाणी पिऊन उठली. म्हणून मी शाळेत गेले. म्हणून मी बी.ए. झाले. आता बेबी बारा वर्षांची आहे, खासबागच्या शाळेत जाते, आणि परशराम आप्पा अधूनमधून येऊन तोच शब्द ऐकून जातो.

मार्तंडरावांनी सगळे वहीत टिपले. मग म्हणाले, हा शब्द त्यांच्याकडे चौघांचा आहे, पण असा एकही नाही. तो त्यांना हवा आहे. मला फार अभिमान वाटला. आईला पत्र टाकते.

रविवार, ११ डिसेंबर

आई आली! नवे तांदूळ, कांदे आणि माझ्यासाठी दशम्या. मार्तंडरावांनी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली. सगळी यंत्रे बघून म्हणाली, "इतकी भांडी आणि शिजत काय न्हाय व्हय रं वकीलसाहेब?" ते मनापासून हसले.

पण कर्ण्यापुढे बोल म्हटल्यावर तिने मान फिरवली. मी समजावले. विद्येचे काम आहे, शंभर वर्षांनी लोक तुझा आवाज ऐकतील. आईचे एकच. तिला त्या कर्ण्याचे तोंड आवडले नव्हते. तेवढ्यात मार्तंडरावांनी मला डोळ्याने खूण केली. मी हळूच चावी दिली, सुई टेकवली आणि पुन्हा विचारले, "आई, बोल की गं, माझ्यासाठी."

"न्हाय बा," आई म्हणाली. "न्हाय गं मालू. काय करूलालीस हे? न्हाय म्हंजे न्हाय."

आणि सगळे मेणावर उतरले! मार्तंडराव टाळी वाजवून उठले. मीही हसू लागले. कशी फसवली, असे मी आईला म्हणालेसुद्धा. आई गळ्याला हात लावून बसली होती. पाणी मागितले.

मंगळवार, १३ डिसेंबर

आईला मोटारीवर बसवून आले. स्टँडवर केळेवाली मागे लागली. आई हात हलवत होती, तोंड उघडत होती, पण बोलेना. केळेवालीने दोन डझन पाटीत घातली. मग पेरूवाला. मग एक जण देवीचा फोटो घेऊन आला. मोटार सुटली तेव्हा आईच्या मांडीवर केळी, पेरू, फोटो आणि एक खराटा होता. मी खिडकीशी उभी राहून हसत होते. आई हसत नव्हती. "मालू, मला ते... मला..." एवढेच म्हणाली, आणि मोटार गेली.

प्रवासाचा शीण असेल.

मार्तंडराव रोज संध्याकाळी आईची तबकडी लावतात. दिवाणखान्यातून तिचा आवाज येतो आणि माझी मान आपोआप वर होते.

मंगळवार, २७ डिसेंबर

बेबीचे कार्ड आले. जसेच्या तसे उतरवते.

"आक्का, परशराम आप्पा आलता. साडूच्या भावासाठी मला मागतोय. तो संस्थानात ऱ्हातो, बत्तीस वर्साचा हाय, बायको मेली, दोन पोरं हाईत. लग्न तिकडंच लावायचं म्हणजे वयाचं कोण इचारत न्हाय म्हणाला. आई काय बोललीच न्हाय. उंबऱ्यात हुबी ऱ्हायली आणि तोंड उघडून झाकली. मग मान हलवली. आप्पा म्हणाला, मान हलवली म्हंजे कबूल. आक्का, आईला काय झालंय? तू ये."

मी कार्ड हातात धरून बसले आहे. कबूल? आई?

मी आत्ता मोठ्याने तो शब्द म्हणून पाहिला. नुसती हवा.

बुधवार, २८ डिसेंबर

जयाबाईला पाटीवर 'मीठ' लिहून दाखवले. ती रडू लागली. मग मला हाताला धरून कपाटाकडे घेऊन गेली आणि एकेक चिठ्ठी वाचायला लावली. मीठ. चूल. उंबरा. तिसऱ्या कप्प्यात एका चिठ्ठीवर मुलीचे नाव होते: वसुधा. जयाबाईने त्या तबकडीला बोट लावले आणि छातीला लावले.

"बाई, त्यात बोलू नगा म्हणून सांगायचं हुतं," ती म्हणाली. "पर तुमी शिकल्याल्या. आमचं काय ऐकणार."

मी ऐकले नव्हते. मी तिला साक्षर करणार होते.

गुरुवार, २९ डिसेंबर

मार्तंडरावांना विचारले. वाटले होते, नाकबूल होतील, मला वेडी म्हणतील. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितले की होय, शब्द जातो. काढल्याशिवाय ठेवता कसा येईल? देवळातली मूर्ती विलायतेच्या संग्रहालयात जाते तेव्हा देवळात जागा रिकामी राहतेच. पण देऊळ पुढे पडते, मूर्ती राहते.

मी म्हणाले, आईचा शब्द परत द्या. परत द्यायची सोय यंत्रात नाही, असे ते म्हणाले. साहेबाला जबानी परत देण्याची गरज कधी पडलीच नसणार.

मी ओरडले. तेव्हा ते म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "मालतीबाई, तुम्ही तर तुमचा शब्द हसत दिलात. ओवाळून टाकल्यासारखा. आणि तुमच्या आईच्या वेळी चावी कुणी दिली?"

ट्रंक भरते आहे.

कंग्राळी, रविवार, ८ जानेवारी १९३९

आईला "नाही" शिकवते आहे. पाठ घेतल्यासारखी रोज सकाळी. ती माझ्या ओठांकडे बघते आणि म्हणते, "ना... ही." दोन तुकडे. दुसरी-तिसरीतल्या मुलासारखे. मग स्वतःच हसते, मग हसणे मोडते. "त्ये तुमचं शाळंतलं हाय गं. माझ्या पोटातनं येत..." आणि पुढचा शब्द नाही.

बेबी शाळेत जायचे सोडून दारात बसते. वाटेकडे तोंड करून.

सध्या पौष आहे, तोवर कुणी येणार नाही. आणखी बारा दिवस.

रविवार, २२ जानेवारी

परशराम आप्पा आला, दोघे सोबत.

आई उंबऱ्यात उभी राहिली. "ना... ही," म्हणाली. तिघे हसले. "वहिनी, लेकीसंगं तुमीबी कॉलेजात गेलता काय?" पुन्हा म्हणाली, पुन्हा हसले. मग तिने बाजारातले कानडी काढले, "बेड, बेड." नको, नको. परशराम आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला, "भाजी इकाय बसलीस काय गं? हितं पोरीचं बोलूलालोय."

मग तिने मान हलवली. जोरजोराने.

"हां, हे कसं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा कबूल."

मी मध्ये पडले. स्वच्छ, स्पष्ट बोलले. ही मुलगी तुम्हाला देणार नाही, ती बारा वर्षांची आहे, हा गुन्हा आहे. त्यांनी ऐकून घेतले, जसे शाळा तपासायला आलेल्या साहेबाचे ऐकतात. मग एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लई ग्वाड बोलतीया. पुस्तकागत."

आणि आईकडे वळून सुपारी फोडायची तारीख सांगितली. पुढचा रविवार, २९. पंचांसमोर आईने तोंडाने सांगायचे, एवढीच रीत उरली आहे.

तोंडाने. म्हणजे आवाजाने. आईचा आवाज निपाणीला आहे.

निपाणी, बुधवार, २५ जानेवारी

मी मार्तंडरावांपुढे हात जोडले. तबकडी द्या, आणि ऐकवायचे एक लहान यंत्र. चार दिवसांसाठी.

त्यांनी लगेच दिली! स्वतः फडक्यात गुंडाळून. एवढेच म्हणाले की परिणाम काय होतो ते टिपून ठेवा, सूचीला जोडू. रोज दोनदा ऐकत होतो, म्हणाले, सकाळ-संध्याकाळ, मोह आवरला नाही. शब्दांच्या सुरुवातीची किनार थोडी झिजली आहे, पण आवाज खणखणीत आहे.

लावून पाहायचा धीर होत नाही. मेण आणखी झिजेल. जेवढे उरले आहे तेवढे पंचांसाठी.

जयाबाई फाटकापर्यंत आली. माझ्या हातातल्या फडक्याला तिने बोट लावले. तिला काही मागायचेही असेल, शब्द नसेल.

कंग्राळी, शनिवार, २८ जानेवारी

यंत्र माजघरात, दाराआड. वर घोंगडे टाकले आहे. आईला सगळे समजावले: तू फक्त ओठ हलव, आवाज मी देते.

आईने तबकडीवरून हात फिरवला. बाळंतिणीने मूल चाचपावे तसा.

बेबी म्हणाली, "आक्का, यंत्राचं पंच ऐकतील व्हय?" मी म्हटले, आवाज आईचाच आहे. ऐकतील. ऐकलेच पाहिजे.

रविवार, २९ जानेवारी

पेन्सिलीने. घाईत. सोप्यात माणसे बसली आहेत. नवरदेव आला नाही, त्याचा फेटा पाठवला आहे. साखर, सुपारी, पाच पाने. आई उंबऱ्यात, मी तिच्या मागे. बेबी माझा पदर धरून —

चावी दिली. पूर्ण दिली.

परशराम आप्पा बोलतो आहे. आता विचारेल — आता —

"वहिनी, पंचास्नी एकदाच सांग. पोरगी द्यायची हाय का न्हाय?"

टेकवली. खरखर. मग आईचा आवाज, मोठा, खणखणीत, तिचाच —

"हाय बा. हाय गं मालू..."

किनार — त्यांनी रोज — सकाळ-संध्याकाळ —

"हाय म्हंजे हाय."

सोप्यात एकच हशा. "आयला, आता कशी मोकळी बोलली!" साखर वाटत आहेत. मी सुई ओढून काढली, तबकडीला चीर पडली, आवाज थांबला. पण आईचे ओठ थांबले — ते अजून हलत आहेत, आणि आता त्यातून आवाज येतो आहे. हाय. हाय. हाय. बेबी तिचे तोंड दाबते आहे.

ते तिचे उत्तर — या वहीत तरी खरे राहू दे. ती बोलली होती ते हाय. हाय. असे — त्या शब्दाआधी एक अक्षर होते. पाटीवर बेबीला मीच ते गिरवायला दिले होते. मग ह, मग य. लिहायला बसते, हात तिथवर जातो आणि